घासकामाची विद्या

सुशिक्षित घरांत मुलानें पुस्तक हातीं धरिलें तर त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं. त्यानें कानस हातीं धरिली तर मात्र ‘ही कोणत्या परीक्षेची तयारी?’ असा प्रश्न चोहोंकडून येतो. पुस्तकापासून लाभ होतो हें आपण गृहीत धरितों, कानशीपासून होतो हें सिद्ध करून दाखवावें लागतें. या महिन्यांत कानशीची बाजू वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं घेतलेलें उदाहरण कित्येकांस क्षुल्लक वाटेल. तें म्हणजे तळहातावर मावणाऱ्या, शर्यतीच्या मोटारीच्या धातूच्या प्रतिकृतीचें.

आमच्या खारेपाटणच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत अशी एक पेटी आली. आमचा वडील नातू दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उतरला, म्हणून त्याच्या परदेशस्थ मामानें ती बक्षीस पाठविली होती. पेटींत राखी रंगाचे चाळीसएक तुकडे, पाण्यांत भिजवून चिकटवावयाचे आंकडे आणि एक नकाशा. तयार असें कांहींच नाहीं. आमचे वडील बंधु म्हणाले, “खेळणेंच पाहिजे होतें तर सावंतवाडीच्या चितारआळींत लाकडाचीं रंगीत खेळणीं काय थोडीं मिळतात? तीं निदान पुरीं तरी झालेलीं असतात.” दादांचें म्हणणें खेळण्यापुरतें खरें आहे. परंतु या पेटींत खेळणें नव्हतेंच. तिच्यांत पुढील तीन महिन्यांचें काम होतें.

प्रथम तिचें प्रमाण पाहूं. अशा प्रतिकृती बहुधा ४३ स १ या प्रमाणांत केलेल्या असतात. हा विचित्र आंकडा कोठून आला? इंग्लंडांत ‘ओ’ मापाच्या खेळण्यांतील आगगाड्या एका फुटास सात मिलिमीटर या हिशेबानें करीत. फुटाचे मिलिमीटर ३०४.८, त्यांस सातांनीं भागिलें असतां ४३ व वर कांहीं अंश येतात. त्या आगगाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करावयाच्या मोटारीहि त्याच मापाच्या झाल्या. पुढें आगगाडी बाजूला राहिली आणि माप तेवढें टिकलें. अशा छोट्या आगगाड्यांचा नाद आपल्याकडेहि आहे. पुण्यास कोथरूडमध्यें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांसाठीं खुलें झालें.

माप लहान केलें म्हणजे सर्वच गोष्टी सारख्या लहान होतात अशी मुलांची समजूत असते, ती येथें सुटते. लांबी ४३ पट कमी होते. पृष्ठफळ ४३ च्या वर्गानें म्हणजे १,८४९ पट. आणि घनफळ ४३ च्या घनानें म्हणजे ७९,५०७ पट. सहाशें किलो वजनाची मोटार या हिशेबानें साडेसात ग्रॅमांची व्हावयास पाहिजे. पण हातांतील प्रतिकृति त्याहून कितीतरी जड लागते. कारण खऱ्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरचा धरिला तर तो ४३ पट पातळ केल्यावर स्वयंपाकघरांतील चंदेरी कागदासारखा होईल. ओतीव काम इतकें पातळ निघत नाहीं, तें जाडच ठेवावें लागतें. हें गणित आम्हीं फळ्यावर पुष्कळ वर्षें शिकविलें. तराजूच्या पारड्यांत ठेवून दाखविल्यावर तें जसें पटतें तसें फळ्यावर पटत नाहीं.

आतां धातूकडे वळूं. ज्यास इंग्रजींत ‘पांढरा धातु’ म्हणतात तो एक धातु नसून मिश्रण आहे. कथील आणि शिसें हे त्यांतील मुख्य घटक, आणि जोडीस थोडा अँटिमनी. पहिल्या दोहोंची व आपली ओळख फार जुनी. रुद्राचा चमक आपल्या घरांतून म्हटला जातो. त्यांत सुवर्णाबरोबर सीस आणि त्रपु, म्हणजे शिसें आणि कथील, हींहि मागितलेलीं आहेत. रसशास्त्रकारांनीं मात्र या दोहोंस पूतिलोह म्हणून खालच्या पंक्तीस बसविलें. त्यांचा मुख्य गुण असा कीं, ते थोड्या आंचेवर वितळतात. कथील २३२ अंशांस व शिसें ३२७ अंशांस वितळतें. आणि दोन्हीं योग्य प्रमाणांत एकत्र केलीं तर मिश्रण १८३ अंशांसच पातळ होतें. दोघे मिळून एकेकट्याहून लवकर विरघळतात ही गोष्ट एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस नवी वाटूं नये. अंगणांत बसून नवसागराच्या धुरांत भांड्यांवर कथील फिरविणारा कल्हईवाला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें ज्ञान पुस्तकावांचून झालेलें आहे. अँटिमनीचें काम निराळें. तो या मऊ जोडीस कठिणपणा देतो आणि थिजतांना धातूचें आकसणें कमी करितो, म्हणून सांच्यांतील बारीकसारीक रेघ ओतीव तुकड्यावर स्वच्छ उठते.

याच कुळांतील एक धातु मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. मात्र तो परिचय त्यास ठाऊक नसतो. छापखान्यांतील खिळे शिसें, अँटिमनी आणि कथील यांच्याच मिश्रणाचे ओतीत. प्रमाण तेवढें निराळें. शिशाचा वांटा त्यांत फार मोठा. आमच्या पिढीनें कालिदास आणि भवभूति ज्या सुबक अक्षरांतून वाचले तीं अक्षरें निर्णयसागराचीं. निर्णयसागराचे संस्थापक जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ चा. घरची गरिबी, शाळा नाममात्र. लहानपणीं ते मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं कामास राहिले. काम कोणतें? टाइप घासण्याचें. ओतून काढलेल्या खिळ्यांच्या अंगास जे कंगोरे राहतात ते घासून काढावयाचे, इतकेंच. त्या घासकामांतून त्यांस अक्षराची परीक्षा आली. १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा टाइपांचा कारखाना काढिला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनीं अक्षरांचे ठसे कोरिले. १८८६ पासून निघूं लागलेल्या काव्यमालेनें तर शेंकडों संस्कृत ग्रंथांस नाहींसे होण्यापासून वांचविलें. १८९२ सालीं जावजींचा अंत झाला. आमच्यासारख्या संस्कृत शिकविणाऱ्यांचा सर्व व्यवहार अशा एका मुलानें घासलेल्या धातूवर उभा होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. खिळ्याचें तोंड तेवढें छापलें जातें. त्याच्या बाजू कागदास कधींहि लागत नाहींत. तरी घासाव्या लागतात त्या बाजूच. एका खिळ्याच्या कुशीस केसाएवढा कंगोरा राहिला तर शेजारचा खिळा कलतो, त्याच्यामुळें तिसरा सरकतो, आणि ओळ वांकडी होते. जें दिसत नाहीं तें नीट नसेल तर जें दिसतें तेंहि नीट राहत नाहीं. आमच्या मतें घासकामाची सारी विद्या एवढ्यांत आली.

आतां आमच्या मोटारीचें घासकाम. तिचे तुकडे रबराच्या गोल सांच्यांत ओतलेले असतात. कच्च्या रबराच्या दोन तबकड्यांमध्यें मूळ नमुने दाबून तें रबर उष्णतेनें पक्कें करितात. मग तो सांचा गरगर फिरत असतां मधल्या छिद्रांतून वितळलेला धातु ओततात, आणि फिरण्याच्या जोरानें तो बाहेरच्या बाजूस कानाकोपऱ्यांत शिरतो. सांच्याचे भाग दोन, म्हणून जेथें ते मिळतात तेथें प्रत्येक तुकड्यावर एक बारीक उंच रेघ राहते. ज्यांनीं गणपतीच्या शाळेंत सांच्यांतून निघालेली मूर्ति पाहिली असेल त्यांस ही सांध्याची रेघ माहीत आहे. माती ओली असेपर्यंत कारागीर ती बोटानें पुसून टाकितो. धातूवर मात्र ती कानशीनेंच जाते.

या कामाची रीत सांगतों. बारीक दांत्यांच्या लहान कानशी घ्याव्या; एक चपटी, एक अर्धगोल, एक उंदराच्या शेपटीसारखी. धातु मऊ असल्यामुळें तो कानशीच्या दांत्यांत भरून बसतो व मग कानस नुसती घसरते. यावर उपाय आमच्या धंद्यांतलाच निघाला. कानशीवर आधीं खडू घासावा. खडूची भुकटी दांत्यांत बसली म्हणजे धातु तेथें चिकटत नाहीं, आणि ब्रशानें झटकतांच कानस मोकळी होते. कानस पुढें जातांना दाबावी, मागें येतांना उचलावी. त्यानंतर पॉलिशपेपर पाण्यांत भिजवून फिरवावा. प्रथम ४०० नंबरचा, मग ६००, शेवटीं १,०००. वांकडा झालेला तुकडा बोटांनींच हळूहळू सरळ करावा. तोच तोच भाग मागेंपुढें वांकविल्यास तुटतो. शेवटीं सर्व तुकडे रिठ्याच्या पाण्यांत जुन्या दांतांच्या ब्रशानें घासून धुवावे, कारण सांच्यांतील तेलकटपणा राहिल्यास रंग धरीत नाहीं. हें सर्व होईपर्यंत डिंकास हात लावूं नये. आधीं कोरडी जुळणी करून पाहावी.

आमच्या माउलीवर्गास येथें एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. या धातूंत पुष्कळदां शिसें असतें, विशेषतः जुन्या संचांत. अलीकडे बिनशिशाचेहि निघतात. शिशाची धूळ पोटांत गेल्यास अपाय करिते, आणि लहान मुलांच्या मेंदूस तर फारच. म्हणून हें काम स्वयंपाकघरांत अथवा जेवणाच्या पाटाजवळ होऊं देऊं नये. खालीं जुना कागद पसरावा, घासणें होतां होईल तों ओल्यानें करावें, चुरा कागदासकट गुंडाळून वेगळा टाकावा, उठल्यावर हात साबणानें धुवावे, आणि घरांतील वांटी, पातेलें, सुरी या कामास देऊं नये. पांचसहा वर्षांच्या बाळास हे तुकडे हातांत मुळींच देऊं नयेत. आमच्या सुनबाईंनीं मागल्या पडवींतला एक कोपरा नेमून दिला आणि ‘हात धुतल्यावांचून उंबरठा ओलांडावयाचा नाहीं’ असा नियम घातला. तो सोंवळ्याहून कडक पाळला गेला.

जोडकामाविषयीं छांदोग्य उपनिषदांत एक मार्मिक दृष्टांत आहे. यज्ञांत काहीं तुटलें तर तें कसें सांधावें हें सांगतांना ऋषि म्हणतो, जसें क्षारानें सोनें जोडावें, सोन्यानें रुपें, रुप्यानें कथील, कथलानें शिसें आणि शिशानें लोखंड. प्रत्येक धातूस सांधणारा दुसरा धातु हवा, हें त्या काळींहि ठाऊक होतें. आजचा कारागीर हेंच करितो. नेहमींच्या डाकाची उष्णता या तुकड्यांस सोसत नाहीं, सांधण्याऐवजीं तुकडाच वितळून जातो. म्हणून बिस्मथ घातलेला, ७० अंशांस वितळणारा डाक वापरितात. तो उकळत्या पाण्याहूनहि कमी उष्णतेवर पातळ होतो. सांधा चुकला तर उकळत्या पाण्यांत धरावा, आपोआप सुटतो. हें काम मोठ्यांच्या देखरेखीखालींच करावें. नवशिक्यानें दोन नळ्यांतील द्रव्यें मिसळून लावावयाचा राळेचा डिंक घ्यावा. तो वाळावयास वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळांत तुकडा सरळ करितां येतो. क्षणांत चिकटणारा पातळ डिंक घाईच्या लोकांस आवडतो. पण त्याचा सांधा धक्क्यानें निखळतो, आणि कांचेजवळ लाविल्यास त्याच्या वाफेनें कांच धुरकट होते.

रंगाचें शास्त्र पुन्हां गणिताकडे नेतें. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या मोटारीवर तो सव्वाचार मिलिमीटरांहून जाड झाला असता. असा गिलावा कोणी मोटारीवर देत नाहीं! घासून स्वच्छ केलेल्या रेघा त्याखालीं बुजून जातात. म्हणून रंग पातळ, आणि एका जाड हाताऐवजीं तीनचार विरळ हात. कोंकणांत त्यांतहि एक अडचण आहे. फवाऱ्याच्या रंगांतील पातळ द्रव झपाट्यानें उडून जातो व जातांना पृष्ठभाग थंड करितो. हवेंत दमटपणा असला म्हणजे त्या थंड पृष्ठावर दंव धरतें आणि रंगावर पांढुरकी साय येते. खाडीकांठच्या गांवीं आषाढ-श्रावणांत तर भिंतींनाहि पाझर फुटतो. तेव्हां घासणें व जुळविणें पावसाळ्यांत करावें, आणि रंगाची बाटली दसऱ्यानंतर उघडावी. रंग दिलेली वस्तु वाळेपर्यंत पालथ्या डब्याखालीं झांकून ठेवावी, म्हणजे धूळ बसत नाहीं. आंकडे चिकटविणें, आरसे बसविणें हीं कामें त्यामानानें हलकीं. चिमटा आणि धीर एवढीं दोन हत्यारें त्यांस पुरतात.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आमच्या नातवाचें काम प्रथम भराभर चाललें. वरचें कवच त्यानें चांगलें घासलें, पण तळाच्या पट्टीवरील रेघ तशीच राहूं दिली. आम्हीं विचारिलें तेव्हां तो म्हणाला, “आजोबा, खालची बाजू कोण पाहणार आहे?” हा प्रश्न एका मुलाचा नव्हे. ज्या मुलांस आपण वर्षानुवर्षें केवळ परीक्षकासाठीं लिहावयास शिकवितों, त्या सर्वांचा हा प्रश्न आहे. परीक्षक जेथपर्यंत पाहतो तेथपर्यंतच काम, त्यापलीकडे नाहीं. आणि ही शिकवण देणाऱ्यांत आम्ही शिक्षकवर्ग पहिले. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तसबिरीची एक जुनी कांच आणून जमिनीवर ठेविली व तीवर मोटार कोरडी जुळवून उभी करावयास सांगितलें. चार चाकांपैकीं तीनच टेकलीं, चौथें अधांतरीं. तळाच्या त्या न घासलेल्या रेघेनें पट्टी तिरपी बसविली होती.

ती मोटार कोणती तेंहि सांगितलें पाहिजे. ती १९५८ सालची इंग्लिश ‘व्हॅनवॉल’. तिचे धनी टोनी व्हँडरवेल हे इंजिनाचीं बेअरिंगें करणारे कारखानदार. आयझॅक बॅबिट या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं कथील, अँटिमनी व तांबें यांचा पांढरा धातु बेअरिंगांसाठीं काढिला, तेव्हांपासून इंजिनांत त्याचा जाड थर ओतून हातानें खरवडून बसवीत असत. त्याच्या जागीं पातळ कवचाचीं तयार बेअरिंगें पुरवून व्हँडरवेल श्रीमंत झाले. त्या बेअरिंगांचें नांव ‘थिनवॉल’. मालकाच्या व मालाच्या नांवांची संधि होऊन ‘व्हॅनवॉल’ शब्द सिद्ध झाला. १९५८ सालीं मोटारी बांधणाऱ्यांसाठीं प्रथमच ठेवलेलें जगज्जेतेपद याच मोटारीनें मिळविलें.

त्याच वर्षीं तिचा मुख्य चालक स्टर्लिंग मॉस याचें स्वतःचें जगज्जेतेपद मात्र एका गुणानें हुकलें. ऑगस्टमध्यें पोर्तुगालची शर्यत मॉसनें जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न दुसरा आला. परंतु बंद पडलेली मोटार चालू करितांना त्यानें ती शर्यतीच्या उलट दिशेनें नेली, असा आरोप येऊन तो बाद होण्याची वेळ आली. मॉस हा पाहणारा होता. हॉथॉर्ननें मोटार रस्त्यावर नव्हे, पायवाटेवर चालू केली, अशी साक्ष त्यानें पंचांपुढें आपण होऊन दिली, आणि हॉथॉर्नचे गुण कायम राहिले. वर्षअखेरीस हॉथॉर्नचे गुण ४२, मॉसचे ४१. मॉसनें त्या वर्षीं चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्ननें एक. मॉस २०२० सालीं नव्वदाव्या वर्षीं वारला, तोंपर्यंत जगज्जेतेपद त्यास कधींहि मिळालें नाहीं. तो गप्प बसला असता तर कोणी त्यास दोष दिला नसता. तेथेंहि ‘कोण पाहणार आहे?’ असें म्हणतां आलें असतें.

आम्हीं ही गोष्ट नातवास सांगितली, त्यावर भाष्य केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पडवींतून कानशीचा आवाज बराच वेळ येत होता. चार दिवसांनीं कांचेवर चारी चाकें टेकलीं.

दादांचा आणखी एक आक्षेप होता, तोहि मांडणें न्याय्य होईल. ते म्हणाले, “आपल्या कुळांत कानस धरण्याची चाल नाहीं.” यावर आमचें उत्तर असें कीं, घासण्याची चाल मात्र आपल्या कुळांत रोजची आहे. सहाणेवर चंदन उगाळल्यावांचून आपली पूजा होत नाहीं, आणि बाळगुटीचीं मुळें मोजक्या वळशांनीं उगाळल्यावांचून आपलें मूल वाढत नाहीं. तो हात आपण हलका मानीत नाहीं, कारण तो घरचा. दुसऱ्याचा हात मात्र आपण विसरतों. आमचें खारेपाटण इतिहासांत ज्ञात आहे तें शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३० च्या ताम्रपटामुळें. राजाचें नांव व शक आम्हीं मुलांकडून पाठ करविला. पण तो पत्रा कोणी ठोकून इतका सपाट केला कीं हजार वर्षांनींहि त्यावरील अक्षर वाचतां यावें, हा प्रश्न वर्गांत कधीं निघाला नाहीं. तो निघावा, यासाठीं मुलाच्या हातास थोडा वेळ धातु लागला पाहिजे.

म्हणून वाचकांस विनंति इतकीच. परदेशी पेटीच पाहिजे असें नाहीं. बिघडलेलें कुलूप, मोडकी सांडशी, लाकडाचा एखादा तुकडाहि चालेल. घरांतील एक कोपरा, एक कानस आणि एक खडू मुलाच्या स्वाधीन करावा. काम किती दिवसांत होईल हें विचारूं नये, गुण देऊं नयेत, आणि तो अडला म्हणून आपण हातांत घेऊन पुरें करून देऊं नये. तसबिरीची एक सपाट कांच मात्र जवळ असूं द्यावी. पुढची तपासणी ती करील.